स्पेनची चिठ्ठी

तोक्यो, कोतो
रविवार, २ मार्च २००८

ती. सौ. ताईस,

विभाचा नमस्कार. आम्ही तिघंही बरी आहोत. थंडी अजून आहे, पण सकाळी गॅलरीत उभं राहता येतं. अंबरीषला हल्ली शनिवारीही तोयोसुच्या ऑफिसात जावं लागतं. भावोजींचा गुडघा कसा आहे? आमच्या कौमुदीच्या तिकडच्या अॅडमिशनसाठी शाळेच्या खेपा घालून त्यांनी तो आणखी दुखवून घेतला असणार, हे माहीत असून विचारते आहे.

तू पाठवलेले फोटो पोचले. तिच्या खोलीला दिलेला पिवळा रंग छान आलाय. खिडकीशी टेबल ठेवलंस, तेही.

त्याबद्दल लिहायचंच आहे. आधी कालचं सांगते.

काल कौमुदीच्या वर्गात सगळ्यांचं जेवण होतं. तिसरीचं वर्ष संपत आलं म्हणून. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येक गटाला एकेक देश. सोपे पदार्थ करायचे, आयांनी हाताशी राहायचं आणि सगळ्या वर्गाने मिळून खायचं. बाईंनी मला आधी विचारलं होतं, "भारत तुम्ही घ्याल का?" मी मनातल्या मनात बटाटेवडे तळायलाही घेतले होते. पण कौमुदी म्हणाली, "नको. मीपण चिठ्ठी उचलणार, सगळ्यांसारखी." चिठ्ठीत स्पेन निघाला.

मला ते लागलं. आपल्या घरचं खाणं पोरीला वर्गात न्यायची लाज वाटते, असं वाटलं.

स्पेनचं मला काय कळतंय! लायब्ररीतून चित्रांचं पुस्तक आणलं आणि तीन पदार्थ ठरवले. एक म्हणजे भाजलेल्या पावावर लसणीची पाकळी घासायची, मग पिकलेला टोमॅटो घासायचा, वर तेल-मीठ. झालं. दुसरा पालक आणि छोल्यांचा. त्यात जिरंही असतं, त्यामुळे मला एकदम माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. तिसरं बटाट्याचं जाड ऑम्लेट. तुझ्याकडे अंडं चालत नाही, तेव्हा नाक मुरडून वाच. बटाटे आपल्या काचऱ्यांसारखे चिरायचे, कांद्याबरोबर भरपूर तेलात मऊ करायचे, फेटलेल्या अंड्यात घालून मंद आचेवर ठेवायचे. मग पॅनवर ताटली झाकून सगळं उलटं करायचं आणि पुन्हा पॅनमध्ये सरकवायचं. घरी चारदा केलं, तीनदा मोडलं. अंबरीषने आठवडाभर डब्यात तेच नेलं.

तुला माहीतच आहे, नोव्हेंबरात कौमुदीच्या डब्याच्या वासावरून वर्गातली मुलं हसली होती. ती रडत घरी आली आणि मी त्याच दिवशी तुला फोन केला. "इथे तिचे हाल होतायत ताई. तुझ्याकडे शिकायला ठेवून घेशील?" तू क्षणभरही थांबली नाहीस. त्यानंतर ती घरात गप्प गप्पच असायची. मला वाटायचं, शाळेने पोरगी मिटली.

काल त्या वर्गात मी एका वेगळ्याच मुलीला पाहिलं.

डोक्याला रुमाल बांधून ती गटात उभी होती आणि घडाघडा जपानी बोलत होती. कोणी काय चिरायचं, कोणी पाव भाजायचा, सगळं तीच सांगत होती. काहीतरी बोलली आणि चारही मुलं पोट धरून हसली. तिला हसली नाहीत गं, तिच्या बोलण्याला हसली. मला त्यातला एक शब्द कळला नाही. मी छोल्यांचं भांडं धरून माझ्या लेकीकडे परक्यासारखी बघत राहिले. शेजारी मिसाकी नावाच्या तिच्या मैत्रिणीची आई होती. ती मोडक्या इंग्लिशमध्ये, इथल्या लाडाच्या 'चान'सकट, म्हणाली, "कौमुदीचान आमच्याकडे नेहमी येते. फार बोलते!"

ऑम्लेट उलटायची वेळ आली. मी ताटली धरली, पण घरची तीन मोडलेली आठवली आणि थबकले. तेव्हा कौमुदी सगळ्यांसमोर, मोठ्याने, मराठीत म्हणाली, "आई, तू राहू दे. मी आणि मिसाकी करतो." दोघींनी मिळून उलटलं. एका बाजूने फुटलंच. त्या फुटलेल्या बाजूवरून पोरांची भांडणं, कारण तो तुकडा मोठा होता.

जेवणं झाल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. सावकाश, मला कळेल असं बोलल्या. कौमुदीने त्यांना विचारलं होतं, भारतातून परत आले तर मला ह्याच वर्गात घ्याल का?

घरी येताना कालव्यावरच्या पुलाशी मी सायकल थांबवली. म्हटलं, "तुला इथे आवडतं, हे मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू मला कधी विचारलंस? तू मावशीला विचारलंस. बाबांना विचारलंस."

"पण त्या दिवशी रडत आली होतीस ना?"

"हो. त्या दिवशी."

 मग म्हटलं, "घरात गप्प का असतेस?" तर म्हणते, "मी शाळेतलं काही सांगायला लागले की तुझा चेहरा रडका होतो."

खरं होतं ते. तिच्या तोंडून जपानी नावं आली की मला वाटायचं, ही दूर चाललीय. हाल तिचे नव्हते, माझे होते. चार वर्षं झाली, ह्या इमारतीत माझं कोणाशी नमस्कारापलीकडे बोलणं नाही. मला परत यायचं होतं. माझ्यापाशी सांगण्याजोगं कारण नव्हतं, म्हणून मी नऊ वर्षांच्या पोरीला कारण केलं; ती तिकडे आली की मागोमाग मलाही येता आलं असतं. आणि तिच्यासाठी तुझ्या दाराशी आले, जिथे ह्या कारणाला कोणी नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कौमुदी येणार नाही, ताई. तिला तुझ्याकडे ठेवणं आता मला जमणार नाही.

लिहून टाकलं एकदाचं. अंबरीष म्हणाला, फोन कर. पण फोनवर तू लगेच "असू दे गं" म्हणशील, आणि मी सुटले म्हणून हुश्श करेन. तसं मला नको आहे. तुझं स्वतःचं मूल नाही, ह्याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. ते माहीत असताना मी तुला खोली रंगवायला लावली. ह्यावर मी काय लिहू?

भावोजींना तूच सांग, किंवा माझं पत्र त्यांच्या हातात दे. तुला हवे तितके दिवस माझ्याशी बोलू नकोस. मी फोन करून भंडावणार नाही. मिसाकीच्या आईने मंगळवारी चहाला बोलावलंय. मी जाणार आहे.

तुझ्या घरात एक मूल आणायचं कबूल करून, ते यायच्या आधीच परत नेणारी,

तुझी धाकटी,
विभा