माझ्यामागं तुम्ही वाचायचे नाहीत

पडेगाव, औरंगाबाद
जुलै १९७९

तीर्थरूप मनकर्णाअक्का यांस,

पुंजारामचा सलाम. सिल्लोडच्या पावसाळी हवेत तुमचे गुडघे काय म्हणतात, आणि साडूभाऊ आप्पासाहेब तंबाखू सोडतोच आहे असं अजून म्हणतात का, ते कळवावं. इथं मी बरा आहे. म्हणजे आज सकाळपर्यंत तरी होतो.

द्वारका गेल्यापासून मी कोणालाच पत्र लिहिलं नाही, आणि तिच्या सख्ख्या बहिणीला पहिलंच पत्र असल्या विषयावर लिहावं लागतं आहे, त्याची क्षमा असावी. विषय भीतीचा आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही चहा आणायला खाली गेला होता, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "माझ्यामागं तुम्ही काही वाचायचे नाहीत." मी जन्मभर कंपाउंडरकी केली, आजारी माणसं काय काय बोलून जातात ते ऐकलं आहे, पण द्वारकेचं बोलणं कधी खोटं ठरल्याचं मला आठवत नाही. (छत गळेल आणि पाळकसाहेबांचा उपदेश लांबेल, ही दोन्ही भाकितं तिनं वेळोवेळी आधीच सांगितलेली आहेत.) तेव्हापासून छातीत जरा खुट्ट झालं की मी स्वतःची नाडी धरून बसतो.

धीर यावा म्हणून तिचं पवित्र शास्त्र वाचायला घेतलं. रोज एक अध्याय, औषधासारखा, सकाळी उपाशीपोटी. आरंभापासून सुरुवात केली, पण तिथं वंशावळ लागते, आणि तीत प्रत्येक जण अमुक वर्षं जगून शेवटी मरतोच, म्हणून पुढं जाववेना. मग डोळे मिटून उघडेल ते पान वाचायचं ठरवलं. उघडलं ते नेमकं हिज्कीया राजाचं. राजा आजारी आहे, आणि संदेष्टा येऊन त्याला सांगतो की घराची निरवानिरव कर, तुझं आता काही खरं नाही. मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी उघडलं, तेच पान. नंतर पुस्तक उलटं धरून उघडलं, तर तेच पान उलटं. त्या ओळीच्या खाली नजर न्यायची माझी हिंमत झाली नाही.

वचन नुसतं वाचू नये, आचरणात आणावं, असं पाळकसाहेब सांगतात. मी निरवानिरवीला लागलो. कोणती वस्तू कोणाला द्यायची ते वस्तूवरच चिकटवलं. लेबलं घरात दवाखान्याचीच उरली होती, त्यांवर छापील मजकुराखाली नावं लिहिली. त्यामुळे पाळकसाहेबांच्या आरामखुर्चीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं आलं, आणि तुमच्या तांब्याच्या हंड्यावर 'घेण्यापूर्वी हलवा'. (हंडा जड आहे, सूचना वावगी नाही.) कोंबड्यांवर लेबल टिकेना, म्हणून त्या टोपलीत घालून शेजारच्या अनवरीबींना देऊन आलो. त्या टोपलीसकट माझ्यामागं घरात आल्या आणि पलंगावरच्या लेबलापाशी थांबल्या. मराठी त्यांना चांगलं वाचता येतं.

"पोटात घेऊ नये? पलंग कौन खारा जी?"

अक्का, मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. मग सगळं सांगितलं. त्या हसल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले.

"अजी भाई, वो किताब का बोलीं! नळ पे मेरे कू रोज बोलतीं, मेरे बाद ये आदमी किताब पढनेके नै, दीमक खाएगी उसको."

(दीमक म्हणजे वाळवी.) आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्यांच्यात पढना निराळं आणि बचना निराळं. त्यामुळे माणूस इतका घाबरत नसावा.

"फिर बादशाह का क्या हुआ?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. "अल्ला! इत्ते दिन हुए, आगे पढे नै?"

मग त्यांच्यासमोर बसून वाचलं. राजा भिंतीकडं तोंड करून रडतो, आणि देव त्याला आणखी पंधरा वर्षं देतो. त्या ओळीवर हळदीचा अंगठा उमटलेला आहे. द्वारकेचा. मला टायफॉईड झाला होता तेव्हा ती चुलीपाशी शास्त्र उघडून बसायची, ते तेव्हा आठवलं. पुस्तकाचा कणाच तिथं मोडला आहे; ते दुसरीकडं कुठं उघडणार? पुढं राजाच्या गळवावर अंजिराचा लेप लावल्याचंही आहे. ते ऐकून अनवरीबींनी त्यांचे यजमान शफीकमिया यांच्याकडून गुलमंडीच्या बाजारातून सुके अंजीर आणवले. मला गळू नाही, म्हणून खाल्ले.

तेव्हा भीती आता गेली आहे. तुम्ही काळजी करू नये. आप्पासाहेबांना सलाम.

तुमचा
पुंजाराम

ता.क. लेबलं पाण्यानं निघत नाहीत. हंडा तुमचाच समजावा.

ता.क. टायफॉईडच्या वेळी माझ्या शुश्रूषेला तुम्ही आला होता. ते साल कोणतं, आठवतं का? पंधरा वर्षं कधीपासून धरायची एवढंच पाहायचं होतं.

आणखी ता.क. साल कळवू नका. जमलं तर तुम्हीच चार दिवस या. सकाळचा अध्याय तुम्ही म्हणा, मी ऐकेन. एकट्यानं वाचणं मला जमत नाही.