अधिक-उणे किती?

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांतली तीनच अंगं टेकली आहेत, उरलेली मनानं टेकली असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? दोघांनाही बरं वाटतंय असं धरून लिहितो, कारण पुढचं वाचल्यावर वाटेलच असं नाही.

तुझी नणंद माझी साहेब झाली तेव्हा तूच म्हणाली होतीस, घरचं माणूस आहे, सांभाळून घेईल. तर ऐक. आमच्याकडे बॅटरीत भरायचे घन पदार्थ कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून (म्हणजे अणू खोटेखोटे हलवून) तपासतात. त्यातले बहुतेक अणू आपापल्या जागी नुसते थरथरत बसतात. लिथियमचे आयन तेवढे अधूनमधून शेजारच्या रिकाम्या जागेत उडी मारतात. (आमच्याकडे बढत्याही अशाच होतात.) हे आयन किती वेगानं पसरतात ते काढणं माझं काम. नव्या पदार्थाचा वेग जुन्याच्या दीडपट आला, आणि प्रोग्रामनं शेजारी अधिक-उणे (आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते) इतकं बारीक छापलं की कुणालाही शंका येऊ नये. मॅडम (घरी अक्का, ऑफिसात मॅडम) खूश झाल्या. आकडा पडद्यावर भिंतीएवढा लावायचा ठरला. तो बघून, जुना पदार्थ भाजणाऱ्या आपल्या भट्ट्या नव्यासाठी बदलायच्या का ते ठरवायला एक कारखानदार येणार होते.

त्याच सकाळी मला दुर्बुद्धी सुचली. तेच सिम्युलेशन अणूंना सुरुवातीचे धक्के वेगळे देऊन मी आणखी काही वेळा चालवलं होतं, चार चित्रं जास्त दाखवता यावीत एवढ्याचसाठी. ते उघडलं. एकात वेग दुप्पट, तर एकात जुन्या पदार्थापेक्षाही कमी! आयन किती लांब भटकले त्याच्या आलेखावरून आम्ही वेग काढतो; त्यातला प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्याची भटकंती पोटात घेऊनच पुढे जातो, आणि प्रोग्राम मात्र त्यांना एकमेकांना न ओळखणारे समजतो. एकाच साक्षीदाराला टोप्या बदलून पुन्हा पुन्हा उभं करावं आणि सगळा गाव साक्षीला आला म्हणावं, तसं. ते बारीक अधिक-उणे खोटं होतं.

मॅडमना जिन्यातच गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहुणे गेटवर आलेत. आत्ता एक शब्द बोलू नकोस."

मी बोलणार नव्हतो गं, खरंच. पडद्याशेजारी उभा राहून चित्रं पुढे सरकवत होतो. तेवढ्यात कारखानदारांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हा आकडा पक्का ना? याच्यावर मी चालू भट्ट्या थंड करणार आहे." मॅडम माझ्याकडे बघत होत्या. (तुझ्या लग्नात अक्कानं आचाऱ्याकडे पाहिलं होतं, ती नजर.) माझ्या तोंडून गेलं, "पक्का नाही."

मी फळ्यावर प्रत्येक सिम्युलेशनची रेषा काढली; सगळ्या पंख्यासारख्या फाकल्या.

"म्हणजे नवा पदार्थ जुन्यापेक्षा मंद असू शकतो?"

"असू शकतो."

"आणि वेगवानही?"

"तोही."

"मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

मॅडम उठल्या, माझ्या हातातला मार्कर काढून घेतला. संपलं, म्हटलं. पण त्या कारखानदारांकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भट्ट्या थंड करू नका, हे सांगायला. सिम्युलेशन पुरेशा वेळा नव्यानं चालवू, मग ठरवा." त्या गृहस्थांनी पेन खिशात घातलं आणि ते थांबायला कबूल झाले. जाताना माझा हातही हातात घेतला. मॅडम मात्र त्यानंतर माझ्याशी चकार शब्द बोललेल्या नाहीत. काल मी पोचेपर्यंत लिफ्टचं दार त्यांनी आतून बंद होऊ दिलं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. नवी सिम्युलेशन्स आजच संपली. सरासरी जवळपास दीडपटच आली. अधिक-उणे चांगलं रुंद आहे, पण जुन्या पदार्थाच्या वेगापर्यंत खाली पोचत नाही. म्हणजे एवढं रामायण करून आकडा होता तिथेच. मॅडमना सांगायला धीर होत नाही.

पुन्हा ता. क. अक्का रविवारी तुझ्याकडे येतेय ना? माझी नोकरी आहे की गेली, तेवढं काढून घे. पण एकदाच विचारून मला कळवू नकोस. आल्या आल्या विचार, जेवण झाल्यावर विचार, निघताना विचार. एका दमात मात्र नको; तीच नाराजी तीनदा मोजली जाईल.