दुहेरी दोऱ्याच्या आयाका

कारोरा,
शनिवार, १७ डिसेंबर १९६६

चि. नेरेइदास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. अनिबालना नमस्कार सांग, आणि मिसाएलचा एक पापा घे, घेऊ देत असेल तर. नऊ वर्षांचा घोडा झाला आता, लाजत असेल.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि त्याहून जास्त ती कुरकुरते. शेजारच्या हेर्त्रूदिसने यंदा नाताळच्या आयाकांच्या सारणात साखर ओतली आणि वर तोंड करून सांगते, कराकासला अश्शाच करतात. मी खाल्ली. शेजारधर्म आहे, करणार काय?

काल आमच्याही झाल्या. आई मक्याचं पीठ मळायला बसली, शेंद्रीच्या बियांनी रंगवलेल्या चरबीने कोपरापर्यंत लालेलाल. पूर्वी तू केळीची पानं पुसायचीस, मी सारण भरायचे, बाबा दोरा बांधायचे. आता तीन माणसांची कामं मी एकटी करते, आणि आई एका माणसाचं काम करून तीन माणसांना पुरतील एवढ्या शिव्या देते.

त्यातल्या काही एव्हेन्सिओच्या बसने पाठवतेय. आधी पत्र वाच, मग फेकायच्या तर खुशाल फेक. एकेरी दोऱ्याच्या तुम्हा दोघांना. त्यांत सगळं आहे, मनुका, ऑलिव्ह, बदाम. दुहेरी दोऱ्याच्या मिसाएलच्या. त्यांत बदाम नाही. त्याच्या भरायला घेण्याआधी मी बदामाचं भांडं कपाटात ठेवलं, टेबल धुतलं, हात धुतले. आई म्हणाली, "ऑपरेशन करतेस की आयाका?"

चार वर्षांपूर्वी याच टेबलाशी त्याचा घसा सुजला, ओठ निळे पडले. डॉक्टर वेळेवर आले म्हणून निभावलं. तू जाताना म्हणालीस, "बदाम नको म्हणून दहादा बजावलं होतं, तरी घातलास. यापुढे तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको." मी तेव्हा काही बोलले नाही, आजही बोलत नाही. तेव्हा त्याच्या आयाका मीच भरत होते, एवढं खरं.

आई रोज विचारते, चोवीसला नेरेइदा येणार का? मी म्हणते, मला काय माहीत, तुझी लेक आहे, तूच विचार. पण खरं सांगू? मलाच विचारायचंय. येशील का ग? टेबलाशी तुझी जागा रिकामी ठेवून जेवायचा मला आता कंटाळा आलाय.

ओतीलिया


कारोरा,
रविवार, १८ डिसेंबर, जेवण अर्धं टाकून

नेरेइदा,

दुहेरी दोऱ्याच्या आयाका मिसाएलला देऊ नकोस. एकही नको. त्यांत बदाम आहेत. खाल्ली असेल तर त्याला उचल आणि डॉक्टरांकडे पळ, बाकीचं पत्र तिथे वाच.

तार ऑफिसला रविवारचं कुलूप. तारमास्तरांच्या घरी जाऊन दार बडवलं, तर ते सासुरवाडीला गेलेत. एव्हेन्सिओची बस उद्याशिवाय नाही. तुमच्या तळ्याकडे निघालेला एकच ट्रक मिळालाय, तोही बकऱ्यांचा. ड्रायव्हरच्या शेजारी त्याची बायको आणि मुलं. मी म्हटलं, मी मागे बकऱ्यांत बसते. चाकावर पाय ठेवला तोच आई अंगणात घेरी येऊन पडली. खरी घेरी की सोंग, देव जाणे. तिला तशी टाकून निघवेना. म्हणून हे पत्र. ड्रायव्हर बरा दिसतो, पण वाटेत दारूचं दुकान दिसलं की ट्रक आपोआप थांबतो म्हणतात. माझा जीव टांगणीला लागलाय, नेरे. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तरी वाच.

वर नुसतं "त्यांत बदाम आहेत" असं लिहिलंय. कुणी घातले ते लिहायचं नव्हतं. "चूक माझी, पुन्हा माझीच" असंच लिहिणार होते. मला सवय आहे त्याची. पण पेन पुढे सरकेना.

आई जेवताना हसत होती. म्हणाली, "मिसाएल खूश होणार बघ."

"का बरं?"

"माझ्या नातवाला उणी आयाका? सगळ्यांना बदाम आणि त्यालाच नाही? अनाथ आहे का पोर? तू अंगणात पातेलं बघायला गेलीस ना, तेव्हा घातले मी, वरून पीठही लावलं."

मी ताट सारून उठले. म्हटलं, "आई, मागच्या वेळी पोर मरता मरता वाचलं!"

"मागच्या वेळी ते लहान होतं. आता पक्के दात आले, पोट घट्ट झालं, आता सगळं पचतं. बदामाने कुणी मेल्याचं ऐकलंयस कधी? हे सगळं काबीमासच्या त्या तेल कंपनीच्या डॉक्टरचं खूळ."

मागच्या वेळी, म्हणाली ती. ऐकलंस ना? तेव्हाही बदाम तिनेच घातले होते. मला डॉक्टर येऊन गेल्यावर कळलं. तू माझ्यावर ओरडत होतीस आणि ती भिंतीला टेकून लटलट कापत होती. मला वाटलं, नेरेला बहीण नसली तर चालेल, पण आई गेली तर दुसरी कुठून आणायची? म्हणून गप्प बसले. आपलेच दात, आपलेच ओठ. आई दर ईस्टरला तुझ्याकडे राहायला येते, मी तिची पिशवी बसमध्ये चढवते आणि घरी परतते. परतताना तुझा खूप राग येतो. तिचाही येतो. खोटं कशाला बोलू?

मी मोठी त्यागी वगैरे आहे असं समजू नकोस. मी झाकलं म्हणून तर तिला पुन्हा करायला मिळालं. तिला कुणी रागावलंच नाही ना! शिक्षा मी भोगली आणि ती आपली मोकळी. जित्याची खोड म्हणतात ती हीच. आज पोराला काही झालं असेल तर ते माझ्या त्या गप्प बसण्यामुळे.

आता ती आत पलंगावर पडलीय. मघापासून तिसऱ्यांदा विचारतेय, "नेरेला लिहितेस ना? माझं नाव नको हं घालूस." आणि मी इथे बसून तेच घालतेय. तुला तिच्याशी तोडायचं तर तोड. मी आता मध्ये उभी राहणार नाही, माझ्यात ते बळच उरलं नाही.

ट्रकवाला भोंगा वाजवतोय. पोर बरं आहे एवढी एक ओळ पाठव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ओळ पाठव.

तुझी ओतीलिया


काबीमास,
बुधवार, २१ डिसेंबर

ताई,

मिसाएल बरा आहे. आधी हे, कारण त्याशिवाय तू पुढचं वाचणार नाहीस. तारही केलीय, पण सणाच्या गर्दीत ती कधी पोचेल कुणास ठाऊक.

तुझं पत्र काल, मंगळवारी मिळालं. ट्रक दोन दिवस कुठे होता ते विचारू नकोस, पाकिटाला बकऱ्यांचा आणि रमचा वास येत होता. त्या पत्राच्या भरवशावर असते तर आज मी तुला हे लिहीत नसते.

खोकं शनिवारी संध्याकाळी आलं. मी उघडणार नव्हते. मिसाएलने रविवारी उघडलं, तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि नाचायला लागला, "दुहेरी दोरा माझा! ओतीलियामावशीने माझ्यासाठी वेगळ्या केल्यात!" अनिबाल म्हणाले, "अगं, बिचारीने टेबल धुतलं, हात धुतले, अजून काय करायचं तिने?" मग मी एक उकळून त्याच्या ताटात ठेवली. दोरा त्यानेच सोडला, पान त्यानेच उलगडलं. काटा मात्र मी हिसकावून घेतला. विश्वास नव्हता माझा तुझ्यावर, लपवत नाही. वरचं पीठ अलगद बाजूला केलं तर मिसाएल म्हणाला, "आई, ही माझ्याकडे बघून हसतेय!"

बदामाचे दोन डोळे, ऑलिव्हचं नाक, खाली मनुकांचं हसरं तोंड.

आयाका मी खिडकीतून बाहेर फेकली, ताटासकट. पोर रडायला लागलं. अनिबालना वाटलं, माझं डोकं फिरलं. आपण लहान असताना आपल्या आयाकांत अशी तोंडं कोण करायचं, ताई? तू नाही, आई करायची. तू तर मूठभर घालतेस आणि पुढची घेतेस, तुला कुठला आलाय धीर? ते तोंड बघितलं आणि आत्ताचं कळलं, आणि चार वर्षांपूर्वीचंही कळलं. त्या दिवशी तू एक शब्द बोलली नव्हतीस, तेसुद्धा तेव्हाच आठवलं. एरवी तू गप्प बसणारी आहेस का?

मग मला असा राग आला ना! आईचा कमी, तुझाच जास्त. मनाशी म्हटलं, ताईला कळलं की ती धावत पत्र पाठवणार, आणि त्यात परत सगळं स्वतःच्या अंगावर घेणार. आणि घेतलं तर संपलं, दोघींची तोंडं पुन्हा बघायची नाहीत. जिथे माझ्या पोराच्या जिवापेक्षा झाकपाक मोठी, ते माझं माहेर नाही. दोन दिवस हेच घोकत होते. काल दारातच पाकीट फोडलं. "चूक माझी असंच लिहिणार होते" इथवर आले आणि पुढे वाचवेना. पुढची ओळ वाचायला अनिबालना दिलं.

त्यांनी वाचली. मग मी रडले, अगदी भोकाड पसरून.

शनिवारी सकाळच्या बसने आम्ही तिघं येतोय. आईवर मी ओरडणार आहे. घेरी आली तरी ओरडणार आहे, तू मध्ये पडायचं नाही. मिसाएलच्या आयाका मी भरीन, तू दोरा बांध, आणि आईला समोर खुर्चीत बसव, हात मला दिसतील असे. तिला त्याच्यावर माया करायची तर तिने त्याला मांडीवर घ्यावं, त्याच्या ताटात हात घालू नये. हे तिला चोवीस तारखेआधी सांगायचं काम तुझं, तिचं नाव घालून.

आणि ओरडून झालं की मी तुझ्याजवळ बसणार आहे, तिच्याजवळ नाही.

चार वर्षं भलत्याच माणसाशी अबोला धरलेली, तुझी
नेरे