खालच्या पापणीची रेघ

प्रिय वेदवती,

हे मुद्दाम मराठीत लिहितेय. स्टाफरूममध्ये बसून लिहिते आहे, आणि इथे सगळे कन्नड बोलणारे, कोणी मागून डोकावलं तरी ओ की ठो कळणार नाही. दुसरं म्हणजे मला इंग्रजीत भांडता येत नाही. तुला येतं. तुझा तो शेरा फार सफाईदार इंग्रजीत होता.

शेरा गेल्या ऑक्टोबरचा. तुमच्या संस्थेच्या शालेय कला शिष्यवृत्तीसाठी मी माझ्या वर्गातल्या अनुषाचं गजलक्ष्मीचं चित्र पाठवलं होतं. अनुषा तेव्हा नववीत होती. बेळगोळहून रोज दोन बस बदलून इथे विजयनगरला आमच्या शाळेत येते. वडील मंजुनाथ तिकडच्याच एका कारखान्यात पाळीवर असतात. माणूस वाईट नाही, पण त्याचं गणित पक्कं आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर दहावीनंतर कलाशाळा, नाही मिळाली तर कॉमर्स आणि पुढे त्याच कारखान्याच्या ऑफिसात टेबल. पोरीचं सगळं त्या एका कागदावर अडलेलं. आणि कागद आला तो असा, की चित्र अपात्र, कारण त्यावर प्रौढ हात फिरला आहे, विशेषतः डोळ्यांवर. खालच्या पापणीची रेघ बाहेरच्या कोपऱ्यात टेकवलेली नाही, ही शिक्षिकेच्या घराण्याची खूण आहे. खाली तुझी सही.

वाचल्यावर पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी बंगळुरात बसून तुला आमच्या घरची रेघ ओळखता आली. तुझ्या कमिटीतल्या बाकीच्या दोघांना ती दिसलीसुद्धा नसेल. मग चहा गार झाला आणि लक्षात आलं की तू ओळख दाखवली नाहीस, तू पकडून दिलंस.

आता आपण दोघीच आहोत तर बोलूच. मंडी मोहल्ल्यातली आमची माडी आठवते ना, जिथे माझे अप्पा आपल्याला शिकवायचे? सुरुवातीचं रेखाटन तुझं, उठावाचं काम तुझं, सोन्याचा वर्ख घासून घासून चकचकीत करणं तुझं, आणि डोळे मात्र अप्पांचे. शिष्याच्या चित्राचे डोळे गुरूने उघडायचे, म्हणजे सगळ्यात शेवटी स्वतः रंगवायचे, त्याशिवाय ते चित्र माडीवरून खाली न्यायचं नाही. लबाडी हा शब्द कोणाच्या मनातही आला नसता. पंधराव्या वर्षी तुला राज्याचं जे पारितोषिक मिळालं, त्या सरस्वतीचे डोळेही अप्पांनीच उघडले होते. मी बाजूला बसून ब्रश धुऊन देत होते. त्याच स्पर्धेसाठी माझंही चित्र तयार होतं. अप्पा म्हणाले, आधी वेदाचं, परक्याची पोर आहे, आपलं काय, उद्या करू. उद्या त्यांना ताप आला आणि माझ्या बिनडोळ्यांच्या पार्वतीची तारीख टळली. तू बंगळूरला गेलीस, मग परदेशात, मग मोठमोठ्या समित्यांवर. मी ड्रॉइंग टीचर झाले. तुझा हेवा केला, खूप वर्षं केला, ते काय लपवायचं? पण तुझं बक्षीस खोटं होतं असं मी कधी, अगदी माझ्या नवऱ्याजवळही, म्हटलेलं नाही. आजही म्हणत नाही.

तेव्हा तू काय केलंस ते मला पुरतं समजतं. तू तो डोळा पाहिलास, आणि तुला माडी आठवली. अप्पा गेल्यावर मी डोळे उघडत असणार, हे तू धरून चाललीस. आणि बरोबर होतं ते! वीस वर्षं मीच उघडत आले. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराचं चित्र माझ्या ब्रशाशिवाय शाळेबाहेर पडलेलं नाही. नियमावली मी वाचायची आणि बाजूला ठेवायची. अनुषाच्या आधी दोघांना तुमचीच शिष्यवृत्ती मिळाली, त्यांचेही डोळे माझेच, तेव्हा कसं कोणी काही बोललं नाही?

पण अनुषाचे डोळे मी उघडलेले नाहीत. या पत्रातलं अक्षर बघ, वेदा. हे एवढं लिहायला मला चार दिवस लागलेत. माझा उजवा हात कापतो. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सुरू झालं. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही. जिवाला नाहीच, पण चमच्यातलं सार तोंडापर्यंत पोचत नाही, मग डोळ्याची रेघ कुठून यायची? मी तिला रेघ दाखवलीसुद्धा नाही, नुसती तोंडाने सांगितली. श्वास सोडताना ओढ, कोपऱ्याशी आलीस की हात उचल, टेकवू नकोस. पोरीने उन्हाळाभर जुन्या कॅलेंडरांच्या पाठी भरून टाकल्या. पहिले दोनशे-तीनशे डोळे माशासारखे आले. जून उजाडल्यावर एके दिवशी तिने एक कागद पुढे केला, आणि मला अप्पांची इतकी आठवण आली की मी वर्गातून बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. गजलक्ष्मीचे डोळे तिने माझ्यासमोर, एकटीने उघडले. आमच्या घराण्यात शिष्याने स्वतः डोळे उघडल्याची ती पहिली वेळ. आणि तुला तेच माझे वाटले.

मग मी बोलले का नाही, असं तू विचारशील. विचारच, कारण इथे माझी मान खाली जाते. मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे, दर जूनला नवा कागद. ड्रॉइंगच्या बाईंचा हात कापतो हे ऑफिसात कळलं तर पुढचा कागद निघत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्याकडे पाठवली असती तर सगळं एका दिवसात मिटलं असतं. पाठवायची तर मुख्याध्यापिकांच्या सहीनेच, म्हणून ती माझ्या पर्समध्ये राहिली. मी नुसतं म्हणत राहिले की मुलीनेच केलंय, मुलीनेच केलंय. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं आणि संस्थेला माफीचं पत्र धाडलं. वर्गातल्या पोरी अनुषाला विचारायला लागल्या की तुझा गणिताचा पेपर कोण लिहितं. मंजुनाथ शाळेत आला, माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, म्हणाला, बिडि मेडम, इदेल्ला नमगे आगल्ल. सोडा, हे सगळं आमच्यासारख्यांना झेपायचं नाही. तो माझ्यावर ओरडला असता तर मला सोसलं असतं. अनुषा त्याच्या शेजारी उभी होती. तिला खरं काय ते माहीत होतं, माझा हात तिने रोज पाहिला होता, आणि ती माझ्यासाठी गप्प राहिली. चौदा वर्षांची पोर. तिला एकदा फोन करून विचारावं असं तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. तिच्या हातात ब्रश देऊन समोर बसवायला किती वेळ लागला असता?

आता का लिहितेय ते सांगते. यंदा ती दहावीत आहे, म्हणजे अर्जाची ही शेवटची वेळ. तिचं नवं चित्र सोमवारी कुरियरने निघालं, या आठवड्यात तुझ्या टेबलावर येईल. रामाचा दरबार आहे. दागिने बघ, वस्त्रांच्या चुण्या बघ, सगळं उत्तम आहे. मग डोळे बघ. रामाचा उजवा डोळा डाव्याहून मोठा आहे, सीतेची बुबुळं मधोमध गोल ठिपक्यासारखी आहेत, खालच्या पापणीची रेघ जाड आहे आणि कोपऱ्यात घट्ट टेकवलेली आहे. ते तिने मुद्दाम तसं काढलंय. मला विचारलं नाही. पूर्ण करून आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, मिस, आता माझं वाटतंय ना? विद्यार्थिनीचं स्वतःचं काम अशी ओळ असते ना तुमच्या अर्जावर, तिच्याखाली मी सही केली. तू ते चित्र निवडशील, मला ठाऊक आहे. निवड. तिला ती शिष्यवृत्ती हवी आहे, आणि मी काही आड येणार नाही. पण बक्षिसाच्या दिवशी ती स्टेजवर येईल, तेव्हा त्या डोळ्यांचं कौतुक तेवढं तिच्याजवळ करू नकोस.

इतकं सगळं होऊनही तुझीच,
देवश्री