कुत्रा हरवलाच नव्हता

दि. ९ मे, दुपार

चि. भिंगरीस,

तुझ्या आजीचे टोपलीभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरणारच, त्याला दुसरं काम काय? न्हाणीघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. शेजारीणबाईंच्या मांजरीला चार पिल्लं झाली, चारही आईसारखीच आगाऊ. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तुझी आई मध्येच बोलते आणि मला सांगायचं ते राहून जातं. अक्षर वेडंवाकडं आहे. दुसरीपर्यंतच्या शाळेत एवढंच पदरात पडलं, गोड मानून घे.

तर बातमी अशी, की आपल्या त्या रक्तपिपासू फिक्याच्या सिनेमाचा दुसरा भाग मी बघितला. एकटीने.

तू तो हेडबाईंबरोबर बघितलास हे मला कळलं. तुझ्या आईने फोटो पाठवला होता. मला काही वाटलं नाही. बाबांच्या आईच्या घरी राहायला गेलात म्हटल्यावर तू सिनेमाला त्यांच्याबरोबर जाणार, नाहीतर काय भिंतीबरोबर जाणार? दुसरा भाग दोघींनी मिळूनच बघायचा असं आपलं ठरलं होतं खरं, पण ठरलेलं कोण एवढं लक्षात ठेवतं. मी आपली ठेवते, मला दुसरा उद्योग नाही. आणि हेडबाई शिकलेल्या, सबंध शाळा चालवली त्यांनी. पडद्याखाली पळणारी अक्षरं पाणी प्यावं तशी वाचत असतील. छानच झालं. फक्त फोटोत त्यांच्या तोंडात संत्र्याच्या सालीचे सुळे कशाला होते, एवढंच आपलं विचारते. ते सुळे कापायला तुला मी शिकवलं. बरं, कापलेतही जाडजूड. रक्तपिपासू कसल्या, घोड्यासारख्या दिसत होत्या. हे त्यांना सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

आता सिनेमाचं. पहिल्या भागाची सर नाही ग याला. फिक्या तसाच देखणा, चुन्यासारखा पांढरा, डोळ्यांत तीच माया. पण त्याला अर्ध्या तासात लांब पाठवून दिला आणि लगेच तो नवा पोरगा आणून उभा केला. मोटारसायकलवाला. फिक्याच्या त्या लाडकीला पोहायला शिकवतो. म्हणे त्याचे हात गरम! हात तर ताप आलेल्याचेही गरम असतात. फिक्या बिचारा तीनशे वर्षं तिच्यासाठी थांबला, आणि तो वर्षभर दूर गेला तर या बयेने त्याची जागा देऊन टाकली? हसते काय, त्याच्या पाठीमागे बसून भुर्रकन जाते काय! लांब गेलेलं माणूस म्हणजे मेलेलं माणूस नव्हे. (फिक्या मेलेलाच आहे, पण ती गोष्ट वेगळी.) मला इतका राग आला की मक्याच्या लाह्या तशाच राहिल्या.

आणि त्यांचं ते रक्त! मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या, मला विचारायचं होतं. तासाभराने रक्त तांबूस-काळं पडतं, यांचं सकाळपर्यंत लालभडक. वर ती पोरगी त्याचा सदरा गरम पाण्यात बुडवते. गरम पाणी लागलं की डाग जन्माचा बसला. एवढं प्रेम करते आणि एवढं कळत नाही.

पण खरं सांगू? निम्मं मला समजलंच नाही. एक शब्द जुळवेपर्यंत खालची ओळ गायब. मागच्या वेळी तू माझ्या कानाशी बसून सगळं वाचून दाखवलं होतंस, या वेळी कान रिकामा. मग मी नुसती तोंडं बघत बसले. त्यात पोरीची ती पांढऱ्या केसांची आजी आली, मला बरं वाटलं, चला, ओळखीचं कोणीतरी. तर तिने एकाची मानच धरली! मी ओरडले, "अहो आजी, सोडा त्याला!"

अख्खं थिएटर हसलं. शेजारी एक चष्म्याच्या दुकानातले गृहस्थ बसले होते. म्हणाले, "मावशी, आजी कुठली? ती त्या पिशाचांची राणी. पहिल्या भागात पहारेकऱ्याला हिनेच नाही का संपवलं?"

"छे हो, ती त्याच्या मानेला मलम लावत होती."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझाच नंबर चुकलाय. "पोरीची आजी तर सुरुवातीलाच वारते. म्हणून तर पोरगी सिनेमाभर रडते."

"ती कुत्रा हरवला म्हणून रडते."

"कुठला कुत्रा?"

भिंगरे, कुठला कुत्रा ग?

वर्षभर मी त्या मुक्या जनावराची काळजी केली. दुसऱ्या भागात सापडेल म्हणून शेवटची नावं सरकेपर्यंत खुर्ची सोडली नाही. मग दिवे लागले आणि मला आठवलं. पहिला भाग बघितला तेव्हा माझ्या छातीच्या ऑपरेशनला जेमतेम दोन महिने झाले होते. पडद्यावर म्हातारीचा पलंग दिसला आणि तू वाचायची थांबलीस. माझा हात घट्ट धरलास. मग म्हणालीस, "आजी, तिचा कुत्रा हरवलाय." बारा वर्षांची पोर तू! त्या म्हातारीला वाचवता येईना, म्हणून तू राणीला धरून आणून तिच्या जागी बसवलंस.

घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते. लोक बघत होते, बघेनात का. हेडबाईंना तू असलं काही सांगितलं नसशील. त्यांना वाचता येतं, त्यांच्या वाट्याला जसंच्या तसं आलं. बिचाऱ्या.

आता इतका वेळ लिहिता लिहिता जे टाळतेय ते लिहिते. फोटो आला त्या दिवशी मी तुझ्या आईला म्हणाले, यंदा भिंगरीला सुट्टीत पाठवू नकोस, घराला रंग द्यायचाय. रंगबिंग काही नाही. माझ्या पोटात दुखत होतं, आणि कुठलंही औषध लागू पडेल असं ते दुखणं नव्हतं. तुझी आई म्हणाली, तू ऐकलंस आणि भरलेली पिशवी पुन्हा रिकामी केलीस. आजीला मी नकोशी झाले, असं तुला वाटलं असेल. तू नाही ग. मला हेडबाई नकोशा झाल्या होत्या. म्हातारपणी माणसाने असं वागू नये, पण मी वागले.

पिशवी भर. दुसरा भाग अजून आठवडाभर आहे, तीनचा खेळ. मी काहीच बघितलेलं नाही असं समज आणि माझ्या कानाशी बस. ज्याला मारायचं त्याला मार, ज्याला ठेवायचं त्याला ठेव. मी विश्वास ठेवीन.

हेडबाईंना माझा नमस्कार सांग. कोरडाच सांग.

जिला तू खरं वाचून दाखवलं नाहीस ती,
तुझी आजी