फोटोतून कापलेली ताडपत्री

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय बापूकाका,

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. तू गेल्यावर मी दर रविवारी या वहीत तुला दोन ओळी तरी लिहायचे. कुठे फिरले, कोणाचा फोटो काढला, उजेड कसा होता. जूनपासून एक ओळ नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण तुला खोटं कशाला सांगू? वेळ होता. सांगण्यासारखं एकच होतं आणि त्याची लाज वाटत होती.

आज लिहितेय, कारण आज भाईंदरचा, नवघरातला तुझा स्टुडिओ आम्ही रिकामा केला. काकीने गाळा भाड्याने दिलाय, पुढच्या महिन्यात तिथे झेरॉक्सचं दुकान येईल. मागचा निळा पडदा, स्टूल, लहान मुलांना हसवायला ठेवलेलं ते शिट्टीचं बदक, सगळं बांधलं. माझा दहावीच्या फॉर्मचा फोटो तू तिथेच काढलास, आठवतं? मी सात वेळा डोळे मिटले. आठव्या वेळी तू म्हणालास, ‘अगो, डोळे मिटलेलीच गोड दिसतेस, पण बोर्डाला कोण समजावणार?’

निगेटिव्हचे डबे मी घरी आणलेत. त्यातल्या एकात आज जे दिसलं, त्याबद्दल तुला विचारायचंय. पण आधी जूनचं सांगते. नाहीतर तुला जाब विचारायचा मला हक्क नाही.

शाळा उघडायला आठवडा होता. इथे दोन गटांत भांडण झालं. सुरुवात कोणी केली, हे मला अजूनही दोन प्रकारे ऐकायला मिळतं. चार दिवस नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गाड्या, दुकानं अर्ध्या शटरवर, आणि लिफ्टमध्ये माणसं एकमेकांशी फक्त पावसाबद्दल बोलायची. पाऊसही तसाच, वादळी. होर्डिंगचे फ्लेक्स फाटून तारांवर लोंबत होते. सिल्व्हर पार्कच्या कोपऱ्यावरचा गुलमोहर आडवा झाला, तो तीन दिवस कोणी उचलला नाही.

अशा दिवसांत तू घरी बसला नसतास. तू म्हणायचास, ‘गर्दीचे फोटो कोणीही काढतो. रस्ता घाबरलेला असतो तेव्हा कसा दिसतो, ते बघ.’ म्हणून त्या रविवारी मी निघाले. की माझ्या हातून काही मोठं व्हावं असं वाटत होतं? मी ठरवू शकलेले नाही.

सिल्व्हर पार्कला आरिफभाईंचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एका माणसाला आणि एका शिलाई मशीनला पुरेल एवढी जागा. चेन बदलून देतात, पट्टे शिवून देतात. समोर ताडपत्री बांधलेली. तिच्यात पाणी साठून तिचं पोट खाली आलं होतं आणि आरिफभाई खालून बांबूने ती उचलत होते. तूही स्टुडिओसमोर हेच करायचास आणि पाणी नेमकं आत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडायचं. काकी म्हणायची, ‘फोटो काढायला आलेल्याला आंघोळ फुकट.’

दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला बांबू, आवळलेले दात, मागे अर्धं शटर. मी समोरच्या फुटपाथवरून मोबाइलने फोटो घेतला. त्यांचं लक्ष नव्हतं. मी हाकही मारली नाही. फोटो काढला की माणसाजवळ जायचं आणि त्याला सांगायचं, हा तुझा पहिला नियम. तो मी मोडला. पावसात रस्ता कोण ओलांडणार, एवढंच कारण.

घरी येताना रिक्षात फोटो पाहिला. वरची ताडपत्री फार चमकत होती, नजर सारखी तिकडेच जायची. मी ती कापली.

तुझे ते काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन डोळ्यांपुढे येतात. प्रिंटवर ठेवून तू ते अर्धा-अर्धा तास सरकवायचास, चहा गार व्हायचा. ‘काय ठेवायचं ते कोणालाही कळतं, काय टाकायचं ते कळायला वेळ द्यावा लागतो.’ हे तूच मला शिकवलंस, काका. मला दोन सेकंद लागली. बोटाने सरकवलं आणि झालं. मी फक्त उजेडाचा विचार करत होते, असं स्वतःला सांगते. पण ताडपत्री गेल्यावर फोटो एकदम धारदार झाला, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

तू सुरू केलेल्या ‘रविवारचे फोटो’ ग्रुपवर तो टाकला. खाली लिहिलं, ‘आजचा मीरा रोड’. एकाने लिहिलं, ‘जबरदस्त’. मला आनंद झाला. हे इथे लिहायलाच हवं.

संध्याकाळी तोच फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली हिंदीत लिहिलं होतं की सिल्व्हर पार्कला लोक लाठ्या घेऊन उतरलेत, मुलांना खाली पाठवू नका. कुठून कुठे फिरून आला कोण जाणे. आमच्या मजल्यावरच्या दारांच्या कड्या लागल्याचे आवाज मी ऐकले.

मी टाइप केलं, ‘हा फोटो मी काढलाय. हा माणूस ताडपत्रीतलं पाणी पाडतोय.’ मग पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. लोक विचारतील, अशा दिवसांत तू तिथे काय करत होतीस. विचारतील, मग कापलास कशाला? पहिल्या प्रश्नाची मला भीती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण फोटो आमच्या सेक्रेटरींना, सावंतांना पाठवला. वर लिहिलं, ‘माझं नाव घालू नका.’ त्यांनी ग्रुपवर टाकला, ‘एका सभासदाकडून आलेला पूर्ण फोटो’. त्यावर एक अंगठा आला. पाठोपाठ कोणीतरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं आणि फोटो वर निघून गेला.

इथवर झालं ते भित्रेपणाने झालं असं म्हणता येईल. पुढचं जास्त वाईट आहे.

आरिफभाई दरवर्षी शाळा उघडायच्या आधीच्या शनिवार-रविवारी मशीन घेऊन आमच्या गेटपाशी बसतात. सगळ्या बिल्डिंगच्या आया जुनी दप्तरं घेऊन खाली येतात. वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच. त्या बुधवारी कमिटीची मीटिंग होती आणि मी यंदा कमिटीत आहे.

‘या वर्षी नको,’ सावंत म्हणाले. ‘रिस्क कशाला घ्यायची?’

‘पण वो तो पानी निकालता था ना?’ पहिल्या मजल्यावरच्या शहाबेन म्हणाल्या. ‘वो दूसरा फोटो आया था, मैंने देखा.’

‘अहो शहाबेन, असेल. पण लोकांच्या डोक्यात बसलंय ना आता. पुढच्या वर्षी बघू.’

शहाबेनने टेबलाभोवती सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी वहीत मीटिंगचा वृत्तान्त लिहीत होते. ‘या वर्षी परवानगी नाही’ हे वाक्य माझ्या अक्षरात आहे, काका. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे असतं.

जुलैमध्ये मी आरिफभाईंकडे गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. नुसतं कसं जायचं, म्हणून ऑफिसची बॅग नेली.

त्यांनी चेन तीनदा मागेपुढे केली. ‘मॅडम, ये तो मक्खन चल रही है.’

‘अटकती है कभी कभी,’ मी म्हटलं. अडकत नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मेणबत्तीचा तुकडा घेऊन चेनवर घासायला लागले. मी विचारलं, ‘इस बार आप गेट पे नहीं आए?’ माझ्या तोंडून हा प्रश्न निघाला यावर विश्वास बसतो तुझा?

‘बुलाया नहीं,’ ते म्हणाले. मग मोबाइल काढून तोच फोटो माझ्यापुढे धरला. ‘ये देखा होगा आपने. मेरे साले ने नालासोपारा से भेजा. बोला, जीजा, तुम तो हीरो बन गए.’ ते हसले. ‘सच बोलूँ? फोटो अच्छा है. शादी में भी मेरा ऐसा नहीं आया.’

मी फोटोच्या वरच्या कडेकडे पाहिलं.

‘बस एक बात समझ में नहीं आती. जिसने भी खींचा, सामने खड़ा था ना? इतना बड़ा तिरपाल उसको दिखा नहीं?’

‘दिखा होगा,’ मी म्हटलं. एवढंच.

‘अभी बेटी बांबू को हाथ नहीं लगाने देती. बोलती है, अब्बू, कोई देख लेगा.’ त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केलं. ‘अभी ऊपर चढ़ के मग से पानी निकालता हूँ. एक एक मग.’

चेन घासल्याबद्दल काही घेतलं नाही त्यांनी. मी बॅग उचलली आणि घरी आले. त्या दिवसापासून मी एकही फोटो काढलेला नाही.

आता तुझं. स्टुडिओत काउंटरच्या वर तो मोठा फोटो होता ना, जुन्या दंगलीच्या दिवसांतला. रिकामा रस्ता आणि छातीशी गाठोडं धरून पळणारी बाई. येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबायचा, हळहळायचा. मी त्याच्याकडे बघत मोठी झाले. आज त्याची निगेटिव्ह सापडली. स्टुडिओच्या खिडकीशी उजेडात धरली. उजव्या बाजूला बस आहे, काका. दार, दांडा, आणि बाहेर आलेला कंडक्टरचा हात. ती बाई बस पकडतेय. तिच्या चेहऱ्यावरचं जे आम्ही भय समजत होतो, ते ‘थांबवा हो’ असणार.

तू बस कापलीस.

मला आधी हसू आलं. मग राग आला. इतकी माणसं तिच्यासाठी हळहळली आणि तू काउंटरमागे पासपोर्ट फोटो कापत गप्प बसलास? की कोणी विचारलंच नाही म्हणून सांगितलं नाहीस? आणि मग एक दिवस तू तो उतरवलास. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला तो राहिलाच. का उतरवलास?

काकी वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. तिला विचारलं.

‘मला म्हणाला, भिंतीला ओल आलीय.’

‘आली होती?’

‘भाईंदरात कुठल्या भिंतीला ओल नसते गो?’

मग मी तिला जूनचं सगळं सांगितलं. तुझ्याआधी तिला सांगितलं, रागावू नकोस. तिने कप खाली ठेवला नाही, ऐकत ऐकत गुंडाळतच राहिली.

‘मग जा, सांग त्याला.’

‘काय म्हणतील ते?’

‘बोलेल चार शब्द. खायचे. तुझा काका त्या बाईला कुठे शोधणार होता? ती बसमध्ये बसून गेली. तुझा माणूस दहा मिनिटांवर मशीन घेऊन बसलाय.’ मग पुढचा कप उचलत म्हणाली, ‘आणि तिथे जाऊन रडू नको. नाहीतर त्या बिचाऱ्यालाच तुला पाणी द्यावं लागेल.’

ती मला किती ओळखते, बघ. मी खरंच रडले असते, आणि त्यांनी ‘जाने दो मॅडम’ म्हटल्यावर हलकी होऊन घरी आले असते. त्यांचं गेट मात्र बंदच राहिलं असतं.

तुझ्यावरचा राग संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. तू असतास तर आज तुझ्याशी भांडले असते आणि तू चहा टाकला असतास. तू ओल सांगितलीस, मी चेन सांगितली. एकाच घरातले आपण.

तर तुला शब्द देते. पुढच्या मीटिंगला मी माझ्या तोंडाने सांगेन की फोटो मी काढला आणि मीच कापला, आणि वृत्तान्तात ते माझ्याच अक्षरात लिहीन. दिवाळीच्या सुट्टीत आरिफभाईंना गेटपाशी दोन दिवस मिळावेत म्हणून अर्ज करीन. सावंत नाही म्हणाले तर शहाबेनला घेऊन घरोघर सह्या मागेन. ग्रुपवर पूर्ण फोटो माझ्या नावाने टाकीन. पण हे सगळं आरिफभाईंना आधी विचारून. त्यांना आता तो विषयच नको असेल तर? हा प्रश्न मला आज सुचतोय, इतके दिवस मी फक्त माझाच विचार करत होते.

आणि तुझी ती बाई मी बससकट छापून घेणार आहे, खाली तुझं नाव घालून. काकी हो म्हणालीय. तुला चालणार नाही कदाचित. नाही चाललं तरी छापणार.

तुझीच,
अनू

उद्या: ऑफिस सुटल्यावर सिल्व्हर पार्कला उतरून आरिफभाईंना सांगणे. दुरुस्तीला काहीही न नेता.