बसपुरते सुट्टे

४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पारपत्रावर व्हिसाचा शिक्का एकदाचा उमटला. एप्रिलच्या अखेरीस मी तुझ्या दारात उभा असेन. तुझ्या चिरंजीवांचा फोन आला होता. मामा, पैशांची चिंता करू नका, विमानतळावर मी असेन आणि इकडे सगळे कार्डावर चालते, असे त्यांनी बजावले. भाचा गुणी आहे, यात शंका नाही. परंतु पाण्याच्या बाटलीसाठी मामाने भाच्याच्या खिशाकडे पाहावे, हे मला मान्य नाही. तिकडचे चलन मी इकडूनच घेऊन निघणार आहे.

त्यासाठी काल चलन बदलून देणाऱ्या कचेरीत गेलो. काचेपलीकडे एक चुणचुणीत मुलगी बसते. तिच्या मागील फलकावर प्रत्येक चलनाचे दोन भाव होते, एक खरेदीचा आणि एक विक्रीचा. मी खरेदी करणार, म्हणून खरेदीचा भाव मनात धरला. तर ती खरेदी त्यांची निघाली. फलकावर 'आम्ही घेतो' आणि 'आम्ही देतो' असे लिहावे, अशी सूचना मी केली. तिने हसून मान डोलावली आणि फलक होता तसाच ठेवला. तिचा सल्ला मात्र नेटका होता. विमानतळावर पैसे बदलू नयेत, तिथे भाव अंगावर येतो. थोडी रोकड जवळ ठेवावी, उरलेले कार्डात भरावे. तिकडच्या यंत्राने आपल्या चलनात हिशेब करू का, असे विचारले, तर नाही म्हणावे.

आता तू एवढेच कळव, की तिकडे कोणत्या नोटा अधिक उपयोगी पडतात? इतकी वर्षे तिथे राहतेस, तुला ठाऊक असणारच.

तुझ्या मायेचा वाटेकरी,
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. शुद्धोबास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. हे उत्तर तुझ्या छापखान्यातल्या मुद्रितांसारखे लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलेस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नोटांचे मला काय विचारतोस? इथे आल्यापासून या देशाची एक नोट माझ्या हाताला लागलेली नाही. खोटे वाटेल, पण खरे आहे. लेक आणि सूनबाई कशाला नाही म्हणत नाहीत. मी औषध म्हणायचा अवकाश, औषध हजर. दुकानात गेलो की सूनबाई कार्ड टेकवते आणि आम्ही बाहेर. मी आपली पिशवी धरून मागे उभी.

घरासमोर बसथांबा आहे. माझ्या खिडकीतून बसचे दार नीट दिसते. माझ्या वयाच्या बायका चढतात, चालकाजवळच्या डब्यात नाणी टाकतात आणि ऐटीत जाऊन बसतात. ती बस शेवटच्या थांब्यावर कुठे जाते, ते मला पाहायचे आहे. लेकाला विचारले असते, तर तो म्हणाला असता, आई, रविवारी गाडीने नेतो. बिचाऱ्याला एकच रविवार मिळतो. आणि मला गाडीने जायचेच नाही रे. रुग्णालयात नोकरीला असताना रात्रपाळी करून एकटी घरी येणारी बाई मी, आता बसच्या भाड्यासाठी मुलापुढे हात पसरणे जिवावर येते.

माझे निवृत्तिवेतन तिकडे खात्यात नुसते पडून आहे. सही तुझीही चालते. त्यातून मला इथले सुट्टे आण. साड्या नकोत, डबे नकोत, काही नको. आणि भाच्याजवळ तोंड उघडू नकोस.

गुडघा बरा आहे. तू टोपी विसरू नकोस.

वाट पाहणारी,
ताई

९ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिताना मला शरम वाटत आहे. तरी संपूर्ण वाच आणि मग हस.

तुझ्या खात्यातून रक्कम काढून त्या कचेरीत गेलो. नाणी कोणीही बदलून देत नाही, व्यवहार केवळ नोटांचा होतो, असे ती मुलगी म्हणाली. मी छोट्या नोटांचा हट्ट धरला. तिने कुठून कुठून मागवून त्या जमवल्या. कोऱ्या करकरीत नोटा घरी आणल्या, टेबलावर मांडल्या, दिव्याखाली एकेक पारखली. आणि ताई, पारखलेल्या प्रत्येक नोटेच्या कोपऱ्यात मी लाल शाईने बरोबरची खूण करून खाली आद्याक्षर घातले! छापखान्यात माझ्या खुणेशिवाय कागद यंत्रावर चढत नसे. हाताने त्याचे काम केले. डोके मागाहून पोचले.

दुसऱ्या दिवशी कार्डाच्या कामासाठी गेलो, तेव्हा मोठ्या अभिमानाने तिला नोटा दाखवल्या. तिने कपाळाला हात लावला. काका, अशा नोटा तिकडे दुकानदार घेतीलच असे नाही, बसवाला तर नाहीच नाही, आणि मलाही त्या परत घेता येणार नाहीत, असे ती म्हणाली. मी वाद घातला. हरलो.

तू आयुष्यात माझ्याजवळ एकच वस्तू मागितलीस आणि ती मी हाताने नासवली. आता कार्ड आहे. पण कार्डातून नाणी पडत नाहीत. काय करू, ते सांग. भाच्याला विश्वासात घेऊ का?

तुझा अपराधी,
धाकटा

२५ मार्च

चि. शुद्धोबास,
अ. उ. आ.

हसू आवरेना म्हणून सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. काय झाले म्हणाली, मी म्हटले, माझ्या भावाने एका देशाचा खजिना तपासून दिला.

भाच्याला सांगशील तर खबरदार. तुझे पत्र वाचले आणि दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन निघाले. कोपऱ्यापलीकडे बँक आहे. वाटेत दोनदा टेकले, पण पोचले. तिथल्या माणसाला मोडक्यातोडक्या भाषेत विचारले, की माझा भाऊ नोटांवर सही करतो, चालेल का? तो म्हणाला, भाऊ फार मोठ्या हुद्द्यावर आहेत का? मी म्हटले, त्यांना तसे वाटते. तो मग गंभीर झाला. नोट खरी असेल तर खुणेचे आम्हाला काही नाही, बदलून देऊ आणि हवी तितकी नाणीही देऊ, असे त्याने कबूल केले.

जीव भांड्यात पडला का? आण त्या तशाच. आणि आता पुसायला जाऊ नकोस, भोक पाडशील.

जपून ये. तुझी,
ताई

२ जून

चि. शुद्धोबास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचे कळले. तू गेल्यावर घर फार नीटनेटके वाटते आहे, मला ते आवडत नाही.

आपण दोघे बसने बागेपर्यंत गेलो, तेव्हा तू सगळ्या पाट्या वाचत होतास आणि मी खिडकीबाहेर पाहत होते. तरी शेवटचा थांबा मी मुद्दाम राखून ठेवला होता. काल एकटीने गेले. डब्यात नाणी टाकली, चालकाने मान हलवली, मीही हलवली. शेवटच्या थांब्यावर काय आहे सांगू? एक शेड, एक नळ आणि दोन बाकडी. त्यातल्या एकावर बस वळेपर्यंत बसून राहिले. इतके छान वाटले, की काय सांगू.

परतले तर लेक दारात उभा, चेहरा पांढरा. मी सगळे सांगून टाकले. मला का नाही म्हणालीस, असे त्याने विचारले. म्हटले, तू गाडी काढली असतीस. आज सकाळी दाराजवळच्या वाटीत त्याने नाणी आणून ठेवली आहेत. घेईन त्यातली, पण आधी माझी संपू देत.

तुझ्या नोटांपैकी एक मी बँकेत दिलीच नाही. ती माझ्या उशाशी आहे. तपासून झालेली वस्तू जवळ असावी.

आणि तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात, लाल पेन ठेवतोस तिथे, हात घालून बघ. विमानतळापासून माझ्या दारापर्यंतचे बसभाडे आहे. त्या मुलीकडे बदलायला नेऊ नकोस, ती घेणार नाही. नाणी कोणी घेत नाही, तूच लिहिले होतेस. पुढच्या वेळी तुला आणायला गाडी येणार नाही. मी थांब्यावर उभी राहीन.

लवकर खर्च कर.
तुझी,
ताई